सर्वानुमत होईपर्यंत तक्रार करणारीने काय करायचं?

कासपठारी
आपला डोंगरभटक्यांचा मॅस्टोडॉन सर्व्हर साताऱ्यातून चालतो. (मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांचं जाळं.) नियम असा की निर्णय सर्वानुमते. एकाचीही ठाम हरकत आली की विषय पुढच्या बैठकीला. एका सदस्येने अजिंक्यताऱ्यावरचा सकाळचा फोटो टाकला की एकजण खाजगीत विचारायचा, 'आज एकटीच का?' तिने ब्लॉक केलं, तर दुसऱ्या सर्व्हरवर खातं काढून पुन्हा तेच. तक्रार बैठकीत आली, त्याच्या मित्राने हरकत घेतली, विषय लांबला. तो अजून इथेच आहे. तिने लिहिणं सोडलं.

माझं म्हणणं: नियम, वर्गणी, कुठल्या सर्व्हरशी संबंध ठेवायचे, हे खुशाल सर्वानुमते ठरवा. त्रासाची तक्रार आली की मात्र खातं आधी थांबवा, चर्चा मागून.

यवतेश्वर_वारा
हरकत मीच घेतली होती, लपवत नाही. 'आधी थांबवा' म्हणजे थांबवणार कोण? ज्याच्या हातात अ‍ॅडमिनचा पासवर्ड आहे तो. 2019 च्या शेवटी आपल्याकडचे लोक ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर आले ते कशाला? तिथे एका फटक्यात खाती बंद होत होती आणि विचारायला कुणी नव्हतं, म्हणूनच ना? फ्रीनोड या ऑनलाइन गप्पांच्या जाळ्याचं 2021 मध्ये काय झालं तेही बघा. ताबा एकाच्या हाती गेला आणि वर्षानुवर्षं राबलेल्या स्वयंसेवकांना बाहेर पडून लिबेरा चॅट हे नवं जाळं उभारावं लागलं. उद्या खोटी तक्रार आली तर?

कासपठारी
तर खातं परत चालू करायचं. मॅस्टोडॉनवर सस्पेंड केलेल्या खात्याचा डेटा 30 दिवस राहतो, तोवर निर्णय फिरवता येतो. ही काय फाशी आहे?

मिरजेचा_सतारिया
सांगलीकराने मध्ये बोलू का? विकिपीडियाही सहमतीवरच चालतो, पण धुडगूस घालणाऱ्याला प्रचालक लगेच अडवतो, दाद नंतर मागता येते. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये तर मतमोजणीही नाही. हरकतीला उत्तर द्यायचं, ती पटलीच पाहिजे असं नाही. एकाच्या 'नाही'ने गाडी अडवायची, ही सोय तुम्ही स्वतः काढलेली आहे.

खटावकर
आपल्याकडे पत्री सरकारने गावोगाव न्याय केला तो काय सर्वानुमताची वाट बघत? 😀

यवतेश्वर_वारा
क्रांतिसिंह नाना पाटलांना इथे ओढू नका. समोर इंग्रज होता. इथे समोर आपलाच माणूस आहे, दर रविवारी बरोबर चढणारा.

माहुलीची
'आपलाच माणूस' आहे म्हणूनच तर. त्या बैठकीला मी होते. तिला सगळे स्क्रीनशॉट सर्वांसमोर टाकायला लावले. एकजण म्हणाला, 'यात घाण काहीच नाही, काळजीने विचारलं असेल.' ती एकेका ओळीचा खुलासा करत बसली आणि ज्याच्याबद्दल सगळं चाललं होतं तो माईक बंद करून ऐकत होता. एवढं बघितल्यावर दुसरी कोण तोंड उघडेल? सर्वानुमतात गप्प बसलेल्यांना होकारात धरतात, ही मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते.

कासपठारी, तुमचंही मला पूर्ण पटत नाही. मॅस्टोडॉनवरचे खाजगी संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, सर्व्हर चालवणारा ते वाचू शकतो. उद्या तक्रार त्याच्याविरुद्ध आली तर कुणाकडे जायचं?

कासपठारी
मुद्दा खरा. मग तिघांची समिती, त्यात निदान दोघी. तक्रार फक्त त्यांच्याकडे जाईल, खातं थांबवायचा अधिकार त्यांचा. अ‍ॅडमिन समितीत नाही. पुढचा निर्णय 30 दिवसांच्या आत, आणि ज्याच्यावर तक्रार त्याचे जवळचे त्यात नकोत.

यवतेश्वर_वारा
इथे सगळेच एकमेकांचे जवळचे. तिघं आणणार कुठून?

माहुलीची
एक तरी बाहेरची घ्या. कराडच्या ग्रुपमध्ये विचारते मी.

कासपठारी
चालेल. पण आपल्याच नियमाने त्यालाही सर्वानुमत लागणार. यवतेश्वर, हरकत घेणार?

यवतेश्वर_वारा
मसुदा टाका आधी. वाचून सांगतो.