मदत हवी आहे : बर्बेरे घातलेली बर्गरची पॅटी एक तर कडवट होते, नाही तर फुटते

नमस्कार,

आम्ही मेरिलँडमधील सिल्व्हर स्प्रिंगला राहतो. वॉशिंग्टनच्या या परिसरात इथियोपियन लोकांची मोठी वस्ती असल्यामुळे इंजेरा, म्हणजे त्यांची आंबवलेल्या पिठाची जाळीदार पोळी, आणि तिकडचे मसाले घराजवळच्या दुकानात सहज मिळतात. घरी डोरो वट, म्हणजे त्यांचा कोंबडीचा तिखट रस्सा, बऱ्यापैकी जमू लागल्यावर त्याच चवीचा बर्गर करून पाहावा असे मनात आले. आतापर्यंत तीनदा केला आणि तिन्ही वेळा निराळ्याच ठिकाणी फसला.

ज्यांनी हे मसाले वापरलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बर्बेरे म्हणजे वाळवलेली लाल मिरची, लसूण, आले, मेथी, धणे, ओवा, कलौंजी आणि कोरेरिमा ही तिकडची मोठी वेलची असे बरेच काही एकत्र कुटून केलेला मसाला. मितमिता त्याहून जहाल असते आणि तिच्यात मीठही असते. नितर किब्बे हे मसाल्यांत कढवलेले तूप. आपण लोणी कढवताना विड्याचे पान टाकतो, तसे ते हळद, मेथी, कोरेरिमा आणि काही वाळलेली सुगंधी पाने टाकतात.

पहिल्या वेळी एक पौंड लॅम्बच्या खिम्यात दोन मोठे चमचे बर्बेरे आणि मीठ घालून मळले, तासभर फ्रीजमध्ये ठेवले आणि बिडाचा तवा चांगला तापवून त्यावर पॅटी भाजल्या. बाहेरून काळपट कवच आले आणि त्यातली मेथी करपल्यामुळे पहिल्याच घासाला जीभ कडू झाली. आत मात्र मसाला कच्चटच राहिला होता आणि दाताखाली मिरचीची पूड लागत होती. मीठ आधी घालून मळल्यामुळे खिमा सॉसेजसारखा घट्ट आणि चिवट झाला, ही चूक माझी मला कळली.

दुसऱ्या वेळी डोरो वटची रीत धरली. बारीक चिरलेला कांदा तेल-तूप न घालता मंद आचेवर, त्यातले पाणी आटून तो तपकिरी होईपर्यंत परतला, मग नितर किब्बे आणि बर्बेरे घालून, लागेल तसा पाण्याचा हबका मारत वीसेक मिनिटे शिजवले. वाटणाला तेल सुटले आणि घरभर जो वास दरवळला तो मला हवा होता तोच होता. ते अर्धी वाटी वाटण कोमट असतानाच खिम्यात मिसळले (घाई, दुसरे काय). पॅटी उलटताना तव्यावरच तिचे तीन तुकडे झाले, तूप सगळे बाहेर आले आणि शेवटी तो खिमा आम्ही इंजेऱ्याबरोबर खाल्ला. उत्तम लागला, पण तो बर्गर नव्हता.

तिसऱ्या वेळी पॅटी नुसती मीठ-मिरपूड लावून भाजली आणि उतरवल्यावर तिच्यावर मितमिता घातलेले नितर किब्बे माखले. कल्पना किटफोवरून घेतली. किटफोमध्ये कच्च्या किंवा जेमतेम गरम केलेल्या गोमांसाच्या खिम्याला याच दोन गोष्टी लावतात. पॅटी अखंड राहिली, पण खारट झाली, कारण मितमितेतले मीठ मी हिशेबात धरले नव्हते. शिवाय शिजलेल्या बर्बेरेची खोल चव तिच्यात नव्हती, वरून तिखट भुरभुरवल्यासारखे वाटत होते.

आता माझा विचार असा आहे की दुसऱ्या वेळचे वाटण अधिक आटवावे, रात्रभर फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्यावे, त्यातले थोडेच खिम्यात हलक्या हाताने मिसळावे आणि उरलेले बनला आतून लावावे. एक पौंड खिम्याला असे वाटण किती चालेल? ब्रेडचा चुरा आणि अंडे घातले की पॅटी टिकते हे मला माहीत आहे, पण मग ती खिमा कटलेट होते, म्हणून तो मार्ग शक्यतो नको. खिमा असल्यामुळे पॅटी आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावीच लागते आणि तोवर ती कोरडी पडते. नितर किब्बे गोठवून, किसून खिम्यात घातले तर ते आत टिकेल का, की तेही तव्यावर येईल?

आणखी एक अडचण आहे. जेवण शुक्रवारी ठरले आहे आणि येणाऱ्यांपैकी दोघी इथियोपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. बुधवार-शुक्रवार त्यांचा उपवास असतो, म्हणजे मांस, दूध, लोणी, अंडी यांतले काहीच चालत नाही. त्यांच्यासाठी तेलात परतलेल्या बर्बेरेमध्ये मसूर शिजवून त्याच्या पॅटी कराव्यात आणि बांधणीला शिरोचे पीठ, म्हणजे त्यांचे मसाला घातलेले हरभऱ्याचे पीठ, घालावे असे ठरवले आहे. हे पीठ आधी भाजून घ्यावे का? बेसन कच्चे राहिले तर कटलेटला जो पिठूळपणा येतो, तो इथेही येईल अशी भीती वाटते.

वाटण गुरुवारी रात्रीच करून ठेवायचे आहे, त्यामुळे बाकीचे सवकाशीने सांगितले तरी चालेल, पण प्रमाण तेवढे त्याआधी कळवावे.