अट सारखी, पण परीक्षक कोण?

अमेरिकेत मतदानासाठी असलेली साक्षरतेची अट गोऱ्या-काळ्या सगळ्यांना सारखीच होती, हा युक्तिवाद कायद्याच्या शब्दांपुरताच खरा आहे. १५ व्या घटनादुरुस्तीमुळे (१८७०) वंशाचं नाव घेऊन मताधिकार नाकारता येत नव्हता, म्हणून दक्षिणेतल्या राज्यांनी आडवाट काढली.

मिसिसिपीची १८९० ची राज्यघटना बघा. दोन डॉलरचा मतदान कर, तोही मागच्या दोन वर्षांचा, निवडणुकीच्या वर्षी १ फेब्रुवारीच्या आत भरलेला हवा. नोंदणी चार महिने आधी. शिवाय राज्यघटनेचं कलम वाचायचं, किंवा ऐकून त्याचा 'वाजवी' अर्थ सांगायचा. कलम निवडणार आणि अर्थ वाजवी की नाही ते ठरवणार नोंदणी अधिकारी! खरी मेख इथेच आहे. निरक्षर गोरा पास करता येई, शिकलेला काळा शिक्षक नापास.

लुईझियानाने १८९८ मध्ये साक्षरता किंवा ३०० डॉलरची मालमत्ता मागितली. पण १ जानेवारी १८६७ ला मताधिकार असलेल्यांना, त्यांच्या मुला-नातवंडांना सूट. त्या तारखेला तिथल्या कृष्णवर्णीयांना मताधिकारच नव्हता. त्यांची मतदारनोंदणी १८९६ मधल्या सुमारे १,३०,००० वरून १९०० पर्यंत साधारण ५,३०० वर घसरली. अशी 'आजोबा-सूट' १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा राज्याच्या खटल्यात घटनाबाह्य ठरवली, साक्षरता चाचणी मात्र १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत टिकली.