मदत हवी आहे : म्यानमारहून सुटून आलेल्या भाच्याचा जबाब पीडित म्हणून कसा नोंदवून घ्यावा?

नमस्कार. माझा भाचा (वय २४) बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी आहे असे सांगणाऱ्या एका एजंटमार्फत गेला आणि सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावाडीजवळच्या एका कुंपणबंद आवारात पाच महिने अडकून पडला. तेथे त्याला रोज पंधरा-सोळा तास बाईच्या नावाने परदेशी माणसांशी गप्पा मारून त्यांना खोट्या क्रिप्टो गुंतवणुकीत ओढण्याच्या कामाला बसवले होते. सावज मिळाले नाही की दंड व उपासमार, आणि सुटायचे म्हटले की काही हजार डॉलरची मागणी. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी थायलंडमधील मे सोत येथून जे ५४९ भारतीय परत आणले गेले, त्यांत तोही होता.

आता जबाबासाठी बोलावणे आले आहे. फोनवरचा पहिलाच प्रश्न होता, "करारावर सही तूच केलीस ना?" वास्तविक भारताने २०११ मध्ये मान्य केलेल्या पालेर्मो प्रोटोकॉलनुसार (मानवी तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार) फसवणूक किंवा बळजबरी झाली असेल तर पीडिताच्या संमतीला अर्थ उरत नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या मानवी तस्करीविषयीच्या कलम १४३ च्या स्पष्टीकरणातही तेच लिहिलेले आहे.

अडचण पुढे आहे. पालेर्मोच्या व्याख्येत सक्तीची मजुरी स्पष्ट शब्दांत आहे. कलम १४३ मध्ये मात्र शारीरिक व लैंगिक शोषण, गुलामगिरी व तत्सम प्रथा असे शब्द आहेत. सक्तीने करवून घेतलेली सायबर फसवणूक यांत कशी बसवावी? कलम १४६ मध्ये बेकायदा सक्तीची मजुरी येते, पण त्याची शिक्षा जास्तीत जास्त एक वर्षाची. शिवाय धमकीखाली केलेल्या कृत्याला संरक्षण देणारे कलम ३२ तत्काळ मृत्यूच्या भीतीपुरते मर्यादित आहे. उपाशी ठेवणे त्यात बसवायचे कसे?

पुराव्यांचे सांगायचे तर त्याच्या पासपोर्टवर बँकॉकच्या प्रवेशाचा शिक्का आहे, म्यानमारचा एकही नाही, कारण सीमेवरची मोई नदी त्याला रात्री होडीतून ओलांडायला लावली. आमच्या मते त्याला बळजबरीने नेल्याचा हाच पुरावा; कोणी त्यालाच बेकायदा सीमा ओलांडणे म्हणेल, ही धास्ती आहे. त्याचा फोन तिकडेच काढून घेतला. ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र एजंटने पाठवलेला कराराचा फोटो, "पोहोचला, काळजी करू नका" हा व्हॉइस मेसेज आणि साठ हजार रुपये भरल्याची यूपीआय पावती शाबूत आहे. हा एजंट ई-मायग्रेट या परदेशी नोकरभरतीच्या सरकारी पोर्टलवरील नोंदणीकृत यादीत नाही; म्हणजे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली त्याच्याविरुद्ध स्वतंत्र तक्रार करता यावी, असे मला वाटते.

मानवी तस्करीची प्रकरणे चालवलेल्या वकिलांनी किंवा अशा मुलांच्या घरच्यांनी कृपया सांगावे : एजंटविरुद्धची फिर्याद आधी द्यावी आणि मग जबाबाला जावे, की उलट? आणि ताईचा फोन तपासासाठी जमा करण्यापूर्वी त्यातील मेसेज न्यायालयात ग्राह्य धरले जावेत म्हणून नेमके काय करून ठेवावे? जबाब येत्या गुरुवारी आहे.