अमेरिकेने मेट्रिक करून टाकावं का, की चाललंय ते बरंय?

गणितकच्चा

मंडळी, प्रश्न साधा आहे पण कुठेच सरळ उत्तर मिळत नाहीये. अख्खं जग किलो, मीटर, लिटरवर चालतंय आणि अमेरिका अजून मैल, पाउंड, गॅलन, फॅरेनहाइट धरून बसलीये. १२ इंचांचा फूट, ३ फुटांचा यार्ड, १७६० यार्डांचा मैल, १६ औंसांचा पाउंड, ह्यात लॉजिक काय आहे कोणी सांगेल का? मी एका अमेरिकन टीमबरोबर काम करतो, त्यांच्या ड्रॉइंगवर ५ फूट ७ पूर्ण ११/१६ इंच असलं माप येतं, त्याचे चार सारखे भाग करा म्हटलं की उत्तर काय, तर १६ पूर्ण ५९/६४ इंच. हे टेपवर शोधून दाखवा मला. मिलिमीटरमध्ये तेच ४२९.८, विषय संपला.

तर अडचण नक्की कसली आहे? पैसा, हट्ट, की बदलून खरंच काही मिळणार नाहीये?

तेराचा_पाना

आधी एक गोष्ट, अमेरिका मेट्रिक नाही हे अर्धंच खरं आहे. १८६६ पासून तिथे मेट्रिक वापरणं कायदेशीर आहे, १८७५ ला पॅरिसमध्ये मीटरच्या करारावर ज्या १७ देशांनी सह्या केल्या त्यात अमेरिका होती, आणि १८९३ ला त्यांच्याच सरकारने यार्ड आणि पाउंडची व्याख्या मीटर-किलोवरून ठरवून टाकली. १९५९ पासून तर इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, ना कमी ना जास्त. इंचाला स्वतःचं घर नाहीच राव, तो मीटरकडे भाड्याने राहतो.

गाड्यांचं पण तेच, सत्तरच्या दशकात तिथल्या मोठ्या कंपन्या मेट्रिककडे वळायला लागल्या, आज नव्या अमेरिकन गाडीत नटबोल्ट बहुतेक मेट्रिकच सापडतील. पण जुन्या गाडीवर, नाहीतर ट्रेलर, पंप असल्या मशीनवर काम करणाऱ्याला दोन्ही सेट बाळगावे लागतात आणि खरी वाट तिथे लागते. १९ मिलिमीटरचा पाना पाऊण इंचाला चालून जातो, ८ चा ५/१६ ला चालून जातो, म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि बोल्टच्या अर्ध्या इंचाच्या डोक्याला १३ चा लावतो. अर्धा इंच म्हणजे १२.७. बसतो, पण किंचित ढिला. बोल्ट गंजलेला असेल आणि जोर लावला की डोक्याचे सहाही कोपरे गोल, मग बसा ग्राइंडर घेऊन. टायरवरचं माप वाचलंय का कधी, २०५/५५ आर १६, ह्यात २०५ मिलिमीटर आहेत आणि १६ इंच, एकाच ओळीत! (हे मात्र जगभर असंच आहे, त्याचं खापर एकट्या अमेरिकेवर नको.)

माझं म्हणणं एवढंच की पूर्ण इंच परवडला, पूर्ण मेट्रिक परवडलं, अधेमधे लटकणं नको. मंगळावर पाठवलेलं यान १९९९ ला असंच गेलं ना, एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स सेकंदात (इंजिनाच्या धक्क्याचं अमेरिकन माप) आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन सेकंद (त्याचंच मेट्रिक माप) समजून घेत होती, साडेचार पटीच्या आसपासचा फरक, यान २२६ किलोमीटरच्या ऐवजी ५७ किलोमीटरवरून गेलं आणि संपलं.

उलट_बोलणारा

आलं का मंगळाचं यान! ह्या विषयावर ते निघालं नाही असं होतच नाही. अहो ती चूक इंचाची नाही, दोन टीमनी एकमेकांचे आकडे तपासले नाहीत त्याची आहे.

आणि तुम्हाला उलटं उदाहरण देतो. १९८३, कॅनडा. देश मेट्रिककडे जात होता, एअर कॅनडाचं नवं बोइंग ७६७ किलोत इंधन मोजणारं, बाकीची विमानं पाउंडात. नेमका त्या विमानाचा इंधनाचा गेज बंद होता म्हणून कांडी बुडवून लिटर मोजले, आणि लिटरचे किलो करताना ०.८ ने गुणायच्या ऐवजी सवयीने १.७७ ने गुणलं, जो पाउंडाचा आकडा आहे. हवे होते २२,३०० किलो, भरले गेले तेवढे पाउंड, म्हणजे निम्म्याहून कमी. ४१,००० फुटांवर इंधन संपलं. पायलटला ग्लायडरचा अनुभव होता म्हणून गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवता आलं, ६९ च्या ६९ लोक वाचले. हा अपघात कशामुळे? बदलामुळे. तेव्हा 'करून टाका' म्हणणाऱ्यांनी हे पण हिशोबात धरा.

दुसरं, गणितकच्चा साहेब, तुमच्या त्या मापाचे चारऐवजी तीन भाग करून बघा. २२ पूर्ण ९/१६, स्वच्छ. सोयीचं उदाहरण निवडलं की कुठलीही पद्धत गाढव ठरवता येते.

आता मुद्द्याचं. अमेरिकेतली घरं लाकडाच्या सांगाड्याची. भिंतीतले उभे दांडे १६ इंचांवर, प्लायचा शीट ४ फूट बाय ८ फूट, म्हणजे शीटची कड बरोबर दांड्यावर येते. ज्याला ते टू-बाय-फोर म्हणतात ते लाकूड मोजलंत तर दीड बाय साडेतीन इंच भरतं, त्यामुळे तिथे इंच हे माप कमी आणि नाव जास्त आहे. उद्या मेट्रिक केलं तरी उभी असलेली करोडो घरं १६ इंचांवरच राहणार, त्यांच्या दुरुस्तीला जुन्याच मापाचं सामान लागणार, पुढची किती वर्षं ते तुम्हीच मोजा. जमिनीचं तर त्याहून अवघड, १७८५ च्या कायद्याने मध्य आणि पश्चिमेकडचा प्रचंड मुलुख एक-एक मैलाच्या चौकोनात आखलाय, एक चौकोन ६४० एकर, असे ३६ मिळून एक टाउनशिप, आणि त्या रेघांवरून रस्ते गेलेत. विमानातून बघितलं तरी मैल दिसतो. तो कसा पुसणार?

नकाशावाला

उलट_बोलणारा, जमिनीचा मुद्दा पटला, पण तिथेच एक गंमत आहे जी सर्व्हेवाले सोडून कोणाला माहीत नसते. अमेरिकेत अगदी परवापर्यंत दोन फूट होते. हो, दोन. १८९३ चा फूट म्हणजे १२००/३९३७ मीटर. १९५९ ला नवा आला, ०.३०४८ मीटर. फरक दहा लाखांत दोन, घरात बसून काहीच कळणार नाही. पण राज्याच्या नकाशाचे कोऑर्डिनेट (जागा सांगणारे आकडे) वीस-वीस लाख फुटांत असतात, तिथे चुकीचा फूट धरला की बिंदू चार फूट सरकतो. पुलाचा खांब चार फूट बाजूला! बरं, काही राज्यांनी हा फूट घेतला, काहींनी तो, त्यामुळे राज्याची सीमा ओलांडताना आधी विचारायचं की बाबा तुमचा फूट कुठला. शेवटी २०२२ संपताना जुना सर्व्हे फूट अधिकृतपणे निवृत्त केला. म्हणजे न बदलण्याचा पण खर्च येतोच, फक्त तो कोणी एका ठिकाणी लिहून ठेवत नाही.

आणि कॅनडाचं उदाहरण तुम्ही बदलाच्या विरोधात दिलंत, मला ते अर्धवट बदलाच्या विरोधातलं वाटतं. ताफ्यातली बाकी विमानं पाउंडात होती म्हणूनच हात १.७७ कडे गेला ना?

ऑस्ट्रेलिया बघा. १९७० ला कायदा, वेगळं मंडळ, प्रत्येक धंद्याला तारखा. जुलै १९७४, एका महिन्यात देशभरातल्या रस्त्यांच्या पाट्या बदलल्या. बांधकामवाल्यांनी तर ठरवलं की सगळं फक्त मिलिमीटरमध्ये, सेंटिमीटरसुद्धा नको, म्हणजे दशांश चिन्हाची भानगडच नाही. दार २०४०, भिंत २४००, वाचणारा गोंधळत नाही. भारताने पण १९५६ ला कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने एकेक क्षेत्र बदलत गेला, कोणाच्या मर्जीवर सोडलं नाही.

अमेरिकेने काय केलं? १९७५ ला राष्ट्राध्यक्ष फोर्डनी कायद्यावर सही केली आणि त्यात शब्द टाकला 'ऐच्छिक'. मंडळ नेमलं, त्याला अधिकार शून्य, १९८२ ला रेगननी ते पण गुंडाळलं. ऐच्छिक म्हटल्यावर आधी कोण बदलणार? जो आधी बदलेल त्याचा खर्च, त्याचंच गिऱ्हाईक वैतागणार. सगळे एकमेकांकडे बघत बसले.

ऍरिझोनात टूसॉन ते नोगालेस असा आय-१९ हायवे आहे, त्याच काळात त्याच्यावर किलोमीटरच्या पाट्या लावल्या. अंतर किलोमीटरमध्ये, वेगमर्यादा मात्र मैलात 😂. पुढे त्या काढून मैल लावायचं घाटत होतं तर विरोध कोणी करावा, तिथल्याच धंदेवाल्यांनी, कारण एक्झिटचे नंबर किलोमीटरवरून पडलेत आणि त्यांच्या जाहिरातींवर तेच छापलेत. म्हणजे एकदा बदललं की लोक नव्यालाही तितकेच चिकटतात.

थेंबभर

हॉस्पिटलमध्ये काम करते म्हणून दोन ओळी. पाट्या आणि लाकूड राहू दे बाजूला, औषधात हा वाद परवडतच नाही. लहान मुलांचा डोस किलोमागे इतके मिलिग्रॅम असा काढतात. वजनकाट्यावर आकडा पाउंडात आला, ४४, आणि कोणीतरी तो किलोच्या रकान्यात भरला, तर २० किलोच्या मुलाला दुपटीहून जास्त औषध लिहिलं जातं. कॉम्प्युटर पण दर वेळी ओरडतोच असं नाही, ४४ किलोचं मूल असू शकतं ना. म्हणून कित्येक ठिकाणी काटाच असा लावतात की पाउंड दिसतच नाही. घरी चमच्याने दिलं तर आणखी वेगळं, टीस्पून ५ मिली आणि टेबलस्पून १५, वाचताना एक अक्षर चुकलं की तिप्पट. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ ला सांगूनच टाकलंय की पातळ औषध फक्त मिलिलिटरमध्ये लिहा. ह्याला कोणी देशाभिमान वगैरे आड आणला नाही.

उलट_बोलणारा

औषधाचं शंभर टक्के मान्य, तिथे चर्चाच नको. पण हेच तर मी म्हणतोय, जिथे जीव जातो किंवा माल बाहेर विकायचाय तिथे ते आपोआप बदललेत, वाइनची बाटली ७५० मिलीची आहे, कोल्ड्रिंक २ लिटरचं आहे, कोणी बोंब मारली? हवामानाच्या फॅरेनहाइटने कोणाचं काय बिघडतंय? ० म्हणजे मरणाची थंडी आणि १०० म्हणजे मरणाचं ऊन, समजायला छान आहे की. राहिल्या पाट्या, त्या बदलून गाडी लवकर पोचणार आहे का.

तेराचा_पाना

पाट्यांचं एवढं काही नाही हो, आयर्लंडने २० जानेवारी २००५ ला एका दिवसात वेगमर्यादा मैलावरून किलोमीटरवर नेली. ब्रिटन १९६५ पासून बदलतंय आणि अजून रस्त्यावर मैलच आहेत. फरक फक्त तारीख ठरवण्याचा.

गणितकच्चा

भारी माहिती मिळाली, दोन फुटांचं तर ऐकूनच चक्कर आली. मग आता माझ्यापुरतं विचारतो, देश बदलायचा तेव्हा बदलेल, पण त्या अमेरिकन टीमला ड्रॉइंग पाठवताना मी मिलिमीटर देऊन कंसात इंच दिले तर चालेल ना? दोघांची सोय.

नकाशावाला

नका देऊ. कंसात इंच दिसला की ते फक्त कंसच वाचणार, आणि तुम्ही तो गोल करून लिहिलेला असणार. १/१६ म्हणजे १.५८७५, तुम्ही १.६ धरणार, ते परत १/१६ करणार, दहा मापं ओळीने आली की भोक सरकलं म्हणून मेल येणार. टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगवरचा माहितीचा चौकोन) 'सर्व मापे मिलिमीटरमध्ये' लिहा, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) पण मिलिमीटरमध्येच द्या, आणि त्यांना इंचच हवे असतील तर मूळ ड्रॉइंगच इंचात करा. ड्रॉइंगवर एकच एकक ठेवा.