मदत हवी आहे : आजी बोलते, पण फोन समोर ठेवला की गप्प

मंडळी, माझी आजी ८१ वर्षांची. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, तेव्हा ती नारायण पेठेतल्या एका वाड्यात राहायची. घरात आम्ही "पुरात सगळं गेलं" एवढंच ऐकत आलो. परवा मटार सोलता सोलता ती आपणहून बोलायला लागली. चिखलातून घंगाळ तेवढं निघालं. ठरलेलं लग्न आधी पुढे ढकललं, मग मोडलंच. (हे आईलासुद्धा माहीत नव्हतं!) आजोबा भेटले ते नंतर, गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत. "नाहीतर तू कुठली आलीस," म्हणून हसली आणि शेंग हातात तशीच धरून बसली.

मी घाईघाईने मोबाईल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं, तर एकदम शाळेत भाषण द्यावं तशी "त्या काळी आम्ही..." सुरू. मग विषयच बंद.

कुणी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी अशा टिपल्या आहेत का? फोन कुठे ठेवता? कॉलर माईकने तर ती आणखीच बुजेल असं वाटतं. पंख्याची घरघर हा वेगळाच ताप. लपवून रेकॉर्ड करणं मला पटत नाही, ते कृपया सुचवू नका.

आणि त्या मोडलेल्या लग्नाचं मी पुन्हा विचारू का? आई म्हणते, नको खपली काढूस. पण आजी त्या दिवशी रडली नव्हती, हसली होती.