विषय: पॅडलेटवरची मंजुरी कुणी चालू केली?

नमस्कार मंडळी,
परवा वर्गात पॅडलेटवर, आपल्या त्या ऑनलाइन चिठ्ठ्यांच्या बोर्डावर, विचारलं, "गोष्टीतल्या आजीचं चुकलं का?" अकरा चिठ्ठ्या आल्या, बोर्डावर एकही दिसेना! मी एकेक मंजूर करेपर्यंत मुलं बोर्डाची पार्श्वभूमी बदलायला कुठे मिळते ते शोधत होती. शनिवारच्या आत ती मंजुरी काढा.
– मधल्या गटाची ताई

*

ताई, मीच चालू केली, आणि राहील. मागच्या सत्रातलं विसरलात? लॉगिन न करता लिहिलं की नाव येत नाही, हे पोरांना आपल्याआधी कळलं. एकाच्या वाचनावर कुणीतरी काय लिहिलं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्याच्या आईचा फोन मला आला होता, तुम्हाला नाही.
– शाळा समन्वयक

*

मंजुरीचं बघू नंतर. मुलं मराठी रोमनमध्ये लिहितात त्याचं काय? जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या मोबाइल कीबोर्डवर, मराठी घेतलं तर रोमन टाइप करूनही देवनागरी उमटतं. नातवाला दहा मिनिटांत जमलं. आता मला शुद्धलेखन शिकवतो.
– ग्रंथालयवाले काका

*

काका, रोमन तर रोमन! एरवी हात वर न करणाऱ्या मुलीने चार ओळी लिहिल्या, तिला आधी ऱ्हस्व-दीर्घ सांगू?
– मधल्या गटाची ताई

*

मी एवढंच म्हणालो की कीबोर्ड आहे.
– काका

*

दुसरं ॲप सुचवू नका, आधीच सांगतो. गूगलचा असाच बोर्ड, जॅमबोर्ड, ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. त्याआधी पीडीएफ उतरवून ठेवा म्हणून मी तीनदा मेल टाकली होती. उतरवली कुणी? मीच.
– वेबसाइटवाला

*

ताई, अकराही उत्तरं वेगवेगळी होती ना? माझ्याकडे मंजुरी नसते, तर पहिला लिहितो "आजी बरोबर" आणि खाली नऊ जण "मला पण तेच वाटतं". म्हणून पहिली पाच मिनिटं मंजुरी ठेवा, मग सगळ्या चिठ्ठ्या एकदम सोडा आणि ती बंद करून एकमेकांना उत्तरं लिहू द्या. लॉगिन मात्र सक्तीचं.
– मोठ्या गटाची मावशी

*

हो, वेगवेगळी होती खरी. एकाने तर आजोबांनाच दोषी ठरवलं. चालेल, पण चालू-बंद मी करणार, दर वेळी समन्वयकांना मेसेज टाकून वाट बघणार नाही. मंडळाच्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे?
– ताई

*

माझ्याकडे. लिस्टवर टाकणार नाही, फोन करा.
– वेबसाइटवाला

*

पासवर्ड देण्याआधी मला विचारायला हवं होतं.
– समन्वयक