मदत हवी आहे: बार्बाडोस (कॅरिबियन बेट), जानेवारीत 7 दिवस

वेताळटेकडी: आम्ही तिघं (आई 68 वर्षांची, शाकाहारी) पुण्याहून मुंबई-लंडनमार्गे जाणार. बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, एवढं कळलं. परतताना 2 दिवस त्रिनिदाद जोडावं का? गाडी घ्यावी की बस पुरेल? आईच्या खाण्याचं काय? तिकिटं अजून काढलेली नाहीत.

गलबत: काढली नाहीत ते बरं. खरी मेख लंडनला आहे. हीथ्रोला उतरून गॅटविकहून उडायचं असेल, किंवा तिकिटं वेगवेगळी असल्याने सामान घेऊन पुन्हा द्यायचं असेल, तर इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं आणि त्याला ब्रिटनचा व्हिसा लागतो. बाहेर न पडताही भारतीय पासपोर्टला सहसा ट्रान्झिट व्हिसा लागतोच. अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यास सवलत मिळू शकते. एकच तिकीट, एकच विमानतळ बघा.

त्रिनिदादहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड मागतात. नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरण. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, आणि कार्ड लागू होतं ते 10 दिवसांनी. जिवंत विषाणूची लस आहे, साठीनंतर जोखीम वाढते. दोन दिवसांच्या हौसेसाठी आईंना ती टोचू नये, असं माझं मत. बार्बाडोसपुरतं राहिलात तर ही भानगडच नाही.

डावीकडूनचालवा: राहायचं दक्षिण किंवा पश्चिम किनाऱ्यावर असेल तर बस पुरते. भाडं 3.50 स्थानिक डॉलर (2 स्थानिक म्हणजे 1 अमेरिकन). निळ्या सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत. पिवळ्या मिनीबस आणि 'झेडआर' पाटीच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये मिळतात, पण व्हॅनमध्ये दाटीवाटी आणि कानठळ्या बसवणारी गाणी. थांब्यावर 'टू सिटी' म्हणजे राजधानी ब्रिजटाउनकडे, 'आउट ऑफ सिटी' म्हणजे उलट. हात केल्याशिवाय बस थांबत नाही. टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधीच भाडं ठरवा, आणि कुठल्या डॉलरमध्ये तेही विचारा. गाडी एखाद्याच दिवशी घ्या, पूर्वेच्या बाथशेबासाठी. तिथं समुद्र नुसता बघायचा. पाण्याची ओढ भयंकर. आईंना पाण्यात उतरायचं असेल तर पश्चिमेचं शांत पाणी.

खमंग: 'राइस अँड पीज' नावावरून शाकाहारी वाटतो, पण त्यात बरेचदा खारवलेली डुकराची शेपटी शिजवलेली असते. विचारताना 'नो मीट' एवढ्यावर थांबू नका. मासा हा मीटमध्ये धरतीलच असं नाही. चणा-बटाट्याची रोटी मागा: मऊ पोळीत रस्सा गुंडाळलेला, आपल्या जिभेला ओळखीचा. 'कूकू' म्हणजे मक्याच्या पिठाची भेंडी घातलेली उकडच, वर माशाचा रस्सा नको म्हणून सांगा. नळाचं पाणी पिण्यालायक आहे.

वेताळटेकडी: त्रिनिदाद रद्द! आईच्या चहासाठी घरची किटली नेऊ का?

गलबत: नको. तिथं वीज 115 व्होल्ट, आपल्या 230 च्या निम्मी, आणि पिन चपट्या. विजेचा दाब निम्मा झाला की उष्णता पावपट: 1500 वॅटची किटली 375 वॅटवर येते, लिटरभर पाण्याला पाव तास तरी जाईल. मोबाइलच्या चार्जरवर '100-240' लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदला.

लष्करी ठिपक्यांचे कपडे घरीच ठेवा, नागरिकांना तिथं कायद्यानं बंदी आहे, लहान मुलांनाही. किनाऱ्यावर बुंध्याला लाल पट्टा मारलेलं झाड दिसलं तर पावसात त्याखाली उभं राहू नका. मँचिनील ते, पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही कातडीला फोड येतात. हिरव्या सफरचंदासारखं फळ खाली पडलेलं असतं, त्याला हातही लावू नका.